ओनरच्या रकान्यात

गेल्या महिन्यात कंपनीचा मेल आला. नवीन कल्पना सुचवा, निवडलेल्या कल्पनांवर तीन महिने काम करायला मिळेल, आणि मध्ये ठळक अक्षरांत एक ओळ: प्रत्येकाने मालकासारखा विचार करावा. सोबत फॉर्म होता. कल्पनेचं नाव, अंदाजे खर्च, अपेक्षित फायदा, आणि शेवटचा रकाना 'ओनर'.

मी आठवड्यातले तीन दिवस करमाडच्या घरूनच काम करतो. त्या दिवशी लाइट गेली होती, म्हणून लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलो होतो. अण्णा शेजारी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं मोजत होते. एवढं काय वाचतो, म्हणाले. मी मेल मराठीत सांगितला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मालकासारखं म्हंजे कसं? सालानं, ठोक्यानं का बटईनं?"

शहरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगतो. सालगडी पाडव्याला साल ठरवतो. वर्षाचे पैसे ठरलेले. पीक बुडालं तरी तेवढेच, घर भरलं तरी तेवढेच. ठोक्यानं शेत घेणारा मालकाला ठरलेली रक्कम देतो, पुढचं नशीब त्याचं. बटईत बी-खताचा खर्च अर्धा, माल अर्धा, आणि गारपीटही अर्धी. अण्णांनी हे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. त्यामुळे त्यांचा प्रश्न खोचक नव्हता. व्यवहार कुठला, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

मी हसून विषय टाळला, पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण खरं उत्तर असं होतं: पैसे सालगड्याचे, रात्री झोप उडावी ती ठोकेवाल्याची, आणि भाषा बटईची.

आमच्या गच्चीवरून शेंद्र्याच्या एमआयडीसीचे दिवे दिसतात. माझा चुलतभाऊ तिथे ठेकेदाराकडून एका कारखान्यात कामाला आहे. तिथे 'कायझेन'चा फळा असतो. कामात छोटी सुधारणा सुचवली की फोटो लागतो. त्यानं पार्ट ठेवायचा रॅक फिरता करायला सांगितलं. दोन माणसांचं चालणं वाचलं. त्याला स्टीलचा डबा मिळाला. पुढच्या महिन्यात त्या जागेवर दोनाऐवजी एकच माणूस लागला, आणि कमी झालेला माणूस त्याच्याच रूमवर राहणारा होता. डबा अजून वापरतो तो. नवं काही सुचवत नाही.

इथपर्यंत आलो आणि वाटलं, लेख संपला. कंपन्या लबाड, मेल खोटा. पण मग मला धाराशिवची गोष्ट आठवली आणि एवढ्यावर भागेना.

फेब्रुवारी 2008. तेव्हाचं उस्मानाबाद. लोडशेडिंगचे दिवस. मुंबईच्या विक्रोळीतून गोदरेज अँड बॉइसची माणसं एका छोट्या फ्रीजचे नमुने घेऊन तिथे आली आणि सहाशेच्या वर गावाकडच्या बायका ते बघायला, त्यावर बोलायला जमल्या. ही कंपनी 1958 पासून फ्रीज बनवत होती. म्हणजे तिला फ्रीज कसा असतो हे पक्कं माहीत होतं, आणि अडचण नेमकी तीच होती. देशातल्या बहुतांश घरांत तेव्हा फ्रीज नव्हता. कंपनीतले एक वरिष्ठ अधिकारी, जी. सुंदररामन, आणि त्यांच्या गटानं आपलंच पन्नास वर्षांचं शहाणपण बाजूला ठेवलं. कॉम्प्रेसर काढून टाकला. कॉम्प्युटर थंड ठेवायला वापरतात तशी चिप आणि छोटा पंखा लावला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल असं केलं. झाकण वरून उघडणारं ठेवलं, कारण थंड हवा जड असते, ती उघडल्यावर सांडत नाही. वजन एवढं की एका माणसानं उचलावं. किंमत साधारण सव्वातीन हजार. नाव छोटूकूल.

विकायला नेहमीचे डीलर नको म्हणून बचत गटांना धरलं, पोस्ट खात्याला धरलं. एवढं करूनही खेड्यातल्या घरांनी तो अपेक्षेइतका घेतला नाही. मला त्यामागचं एक कारण माझ्या घरावरून दिसतं. आम्ही पहिल्यांदा फ्रीज घेतला तेव्हा आईला भाजी गार ठेवायची होती हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे पाहुण्यांना दिसेल असा उभा फ्रीज हवा होता. गरिबांसाठी म्हणून बनवलेली वस्तू गरिबाला घरात नको असते. पुढे छोटूकूल शहरांकडे वळला: छोटी दुकानं, सहली, गाडीतून नेणारे लोक, आणि जास्त किंमत.

आता माझा मुद्दा. हाच प्रयोग करमाडच्या कुणी पोरानं स्वतःच्या जिवावर केला असता तर? पहिल्या साच्याच्या पैशांतच दोन एकर गेली असती. बायकांनी झाकण नाकारलं त्या दिवशी तो संपला असता. मोठ्या संस्थेत मात्र चुकून पुन्हा वळायला जागा होती. पगार चालू असतो, आणि प्रयोग फसला तरी घर चालतं. धंदा करायला नोकरी सोडलीच पाहिजे, असं आपल्या रीलवाल्या उद्योजकांनी ठरवून टाकलंय. ते बहुतेक अशा घरातले असतात जिथे पडलं तर खाली गादी असते. माझ्यासारख्याची गादी म्हणजे कंपनीच. त्यामुळे संस्थेच्या आत राहून नवं काही करणं ही भित्र्यांची पळवाट आहे असं मी मानत नाही. ज्यांना बुडणं परवडत नाही, त्यांना एवढीच वाट आहे.

पण मग पीक आलं तर कुणाचं? जपानच्या शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा नावाचा इंजिनिअर होता. निळा प्रकाश देणारा एलईडी करून दाखवतो म्हणाला, आणि म्हाताऱ्या संस्थापकानं, नोबुओ ओगावांनी, पैसे दिले. मालक बदलल्यावर थांबवायला सांगितलं, तरी हा थांबला नाही. 1993 मध्ये लख्ख निळा दिवा आला. आज तुमच्या फोनच्या स्क्रीनमागेही तीच वंशावळ आहे. बक्षीस मिळालं वीस हजार येन. तो कोर्टात गेला. 2004 मध्ये कोर्टानं वीस अब्ज येन द्यायला सांगितले, 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. 2014 मध्ये नोबेल मिळालं.

मला दोन्ही बाजू पटतात, ही पंचाईत आहे. कंपनी म्हणू शकते, बी-खत आमचं होतं, तू बुडाला असतास तर आम्ही भरलं असतं. बरोबर आहे. पण बी-खत ज्याचं त्याचाच सगळा माल, असं आमच्या गावातला कंजूष जमीनदारसुद्धा म्हणत नाही. जर्मनीत 1957 पासून कायदाच आहे, नोकरदाराच्या शोधाचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात शोध लावणाऱ्याचं नाव नोंदवायची सोय आहे, मोबदल्याचा हिस्सा नाही. तो करारात असेल तेवढाच. माझं ऑफर लेटर मी परवा पुन्हा काढून वाचलं. माझ्या कामातून जे निघेल ते सगळं कंपनीचं, हे दीड पानात लिहिलंय. फसलं तर काय, याबद्दल एक ओळ नाही.

ती ओळ कागदावर नसते, मीटिंगमध्ये असते. आणि इथे मला माझ्याबद्दल बोलावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी आधीच्या नोकरीत माझ्या एका सहकाऱ्यानं कल्पना मांडली होती. कारखान्यातल्या प्रेसची थरथर सेन्सरनं मोजायची आणि मशीन बंद पडायच्या आधी ओळखायचं. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणायचो. त्याला परवानगी मिळाली, आणि डेटा साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मला दिसलं होतं की मधल्या तीन आठवड्यांची नोंदच नाही. मी त्याला म्हणालो, "चालेल दादा, एवढ्यानं काही होत नाही." झालं. एका ग्राहकाकडे दोनदा रात्री खोटा अलार्म वाजला, लाइन थांबली. रिव्ह्यूला आठ जण बसलो होतो. विचारलं गेलं, हा डेटा पुरेसा आहे असं कुणी ठरवलं? दादा म्हणाला, "मी." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होतो.

त्याचं अप्रेझल गेलं. सहा महिन्यांत त्यानं नोकरी सोडली. मी बरेच दिवस म्हणत राहिलो, कंपनीला अपयश चालत नाही. पण त्या दिवशी कंपनी म्हणजे खोलीतली आठ माणसं होती, आणि त्यातला एक मी. गारपीट वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा मी सालगडी झालो.

आताचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. माझी कल्पना बरी आहे, कदाचित चालेल. बरोबर टीममधली एक नवी मुलगी काम करणार आहे, नुकतीच कॉलेजमधून आलेली. तिनं विचारलं, "सर, ओनरमध्ये कुणाचं नाव टाकू?" मी म्हणालो, "माझं. आणि खाली एक रकाना वाढव, डेटा कुणी तपासला. तिथेही माझं." खर्चाच्या रकान्याखाली मी दोन वाक्यं घातली आहेत: फसलं तर टीममधल्या कुणाच्या अप्रेझलवर परिणाम होणार नाही, आणि चाललं तर फायद्यातला हिस्सा किती, हे आधी कळवावं. मॅनेजरचं उत्तर अजून आलं नाही.

काल दादाला फोन लावला. तो आता पुण्यात असतो. करमाडला पाऊस आहे का, विचारलं त्यानं. पेरण्या, समृद्धीवरचं ट्रॅफिक, त्याची मुलगी शाळेत जाऊ लागली, असं वीस मिनिटं बोललो. डेटाचं मी काढलं नाही. ठेवताना तोच म्हणाला, "तो प्रेसवाला कोड आहे का रे तुझ्याकडे? कधीतरी परत बघू म्हणतो."

कोड त्या कंपनीचा आहे, माझ्याकडे नाही. तीन आठवड्यांची भोकं मात्र कुठल्या तारखांची होती, ते मला पाठ आहे.