नाव आणि नाते : जहाजाच्या घराचा प्रश्न

मराठीत 'नाव' हा शब्द उभयार्थी आहे; तो संज्ञेचा वाचक आहे, तसाच जलयानाचाही. समुद्रावर फिरणाऱ्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीवर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तेथे जहाजाचे स्वतःचे नाव रंगविलेले असते आणि त्याखाली एका बंदराचे. चिपळूणकर, वेंगुर्लेकर, मालवणकर या आडनावांतून जसे गाव माणसाबरोबर चालत राहते, तसे हे बंदर जहाजाबरोबर सर्व समुद्रांवर फिरते. परंतु हे साम्य फार दूर नेता येत नाही. एखाद्या वेंगुर्लेकराने वेंगुर्ले कधी पाहिलेले नसले, तरी त्याचा कोणी पूर्वज तेथे राहिलेला असतो. नासाऊ, पनामा किंवा व्हॅलेटा हे नाव मिरवणाऱ्या पर्यटन-जहाजाचा त्या गावाशी असा कोणताही पूर्वसंबंध असावा लागत नाही. ते इटलीच्या, फ्रान्सच्या किंवा फिनलंडच्या गोदीत बांधलेले असते. त्याची मालकी दुसऱ्याच देशातील कंपनीकडे असते. प्रवासी तिसऱ्या देशातले, आणि खलाशी, स्वयंपाकी व खोल्या आवरणारे फिलिपिन्स, इंडोनेशिया, गोवा अशा दूरदूरच्या किनाऱ्यांवरचे. अशा जहाजाचे घर कोणते? प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो; वस्तुतः तो नीतीचा आहे.

पिछाडीवरच्या नावाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत मद्यबंदी लागू असताना, १९२२ साली, 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' या दोन प्रवासी जहाजांची नोंदणी अमेरिकेतून पनामात हलविण्यात आली. जहाजे तीच राहिली, मालक तेच राहिले. पालटला तो केवळ ध्वज, आणि त्याबरोबर प्रवाशांना मद्य देण्यावरील निर्बंध गळून पडला. सोयीचा ध्वज म्हणून पुढे जी रीत रूढ झाली, तिच्या आरंभकाळातले हे उदाहरण आहे. मद्याच्या जागी नंतर कर, वेतन आणि कामगारविषयक कायदे आले. राष्ट्राराष्ट्रांना यातील वैगुण्य दिसत नव्हते असे नाही. १९५८ च्या जिनीव्हा कराराने आणि पुढे १९८२ च्या सागरी कायद्याविषयीच्या कराराने राज्य आणि त्याचा ध्वज लावणारे जहाज यांच्यात खराखुरा संबंध असला पाहिजे, असे तत्त्व नमूद केले. परंतु खरा संबंध म्हणजे काय, हे त्या करारांनी सांगितले नाही. कायद्याने नाते हा शब्द स्वीकारला आणि त्याचा आशय मोकळा ठेवला. त्या मोकळ्या जागेतून आज जगातील बहुसंख्य मोठी पर्यटन-जहाजे ये-जा करतात.

नोंदणीच्या बंदराहून व्यवहारातील गृहबंदर निराळे असते. जेथून सफर सुरू होते आणि जेथे ती संपते, जेथे एकाच दिवसात काही हजार प्रवासी उतरतात व तितकेच नवे चढतात, जेथे भाजीपाला, इंधन आणि धुतलेल्या चादरी भरल्या जातात, ते गृहबंदर. फ्लोरिडातील मायामी, पोर्ट कॅनव्हेरल आणि पोर्ट एव्हरग्लेड्स ही या अर्थाने जगातील सर्वांत गजबजलेली बंदरे होत. मायामीला आठवड्याआठवड्याला परतणारे जहाज तेथे घरचे असेल, असे कोणालाही वाटेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते तेथे परकेच असते. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात थेट प्रवासी वाहतूक करता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला निघालेले असे जहाज वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला स्पर्श करून जाते. उलट, ज्या नासाऊचे ते कायदेशीर रहिवासी, तेथे ते दिवसभराच्या पाहुण्यासारखे येते आणि सायंकाळी निघून जाते. राहण्याच्या ठिकाणी परके आणि नागरिकत्वाच्या ठिकाणी पाहुणे, अशी ही विलक्षण अवस्था आहे. सुखाच्या दिवसांत ती कोणाला खुपत नाही. नात्याची परीक्षा संकटात होते, ही लोकव्यवहारातील जुनी समजूत येथेही खरी ठरते.

ती परीक्षा २०२० च्या साथीत झाली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज योकोहामा येथे विलगीकरणात ठेवण्यात आले. त्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. ध्वज ब्रिटनचा, कंपनी अमेरिकेतील समूहाची, समुद्र जपानचा. कोणाची जबाबदारी कोठे संपते आणि कोणाची कोठे सुरू होते, याविषयी तिघांपाशीही निःसंदिग्ध उत्तर नव्हते. या संदिग्धतेची किंमत जहाजावर सर्वांनी सारखी मोजली नाही. प्रवासी आपापल्या खोल्यांत विलग राहू शकत होते. त्यांच्या दाराशी जेवण पोहोचविणारे कर्मचारी मात्र काम करीत राहिले आणि रात्री एकेका खोलीत जोडीने झोपत राहिले. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते.

मार्चमध्ये 'ब्रेमार' या जहाजाच्या वाट्याला आलेला अनुभव या विवेचनाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यावर सहाशेहून अधिक प्रवासी होते, त्यांतील बहुतेक ब्रिटिश. काही जणांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले होते. जहाजाची नोंदणी बहामाची. कॅरिबियन समुद्रातील काही बंदरांनी दार लावून घेतल्यावर ते बहामाच्या जवळ आले. त्या देशाने त्याला दूर समुद्रात नांगर टाकून रसद घेऊ दिली. पण धक्क्याला लागू दिले नाही आणि कोणालाही उतरू दिले नाही. ज्या देशाचा ध्वज डोलकाठीवर फडकत होता, त्या देशाच्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा अधिकार त्या ध्वजाने दिला नाही. अखेरीस क्यूबाने ते जहाज आत घेतले. १८ मार्च रोजी ते मारिएल बंदराला लागले आणि तेथून प्रवासी विमानाने ब्रिटनला परतले. क्यूबाचे त्या जहाजाशी नोंदणीचे वा मालकीचे काहीही नाते नव्हते.

येथे इमान्युएल कांट याच्या एका विचाराची आठवण होते. शाश्वत शांततेविषयीच्या १७९५ च्या निबंधात तो परक्याच्या आतिथ्याचा हक्क मांडतो आणि त्याला काटेकोर मर्यादाही घालतो. परक्याला नाकारता येते. परंतु त्या नकाराने त्याचा नाश होणार नसेल, तरच. आतिथ्य हा उपकार नसून हक्क आहे, अशी कांटची भूमिका आहे. भारतीय परंपरेतील शिबिराजाची कथा याहून पुढे जाते. शरण आलेल्या कपोताचे रक्षण करताना त्याला स्वतःचे मांस तोलून द्यावे लागते. शरणागताला आत घेण्याची किंमत असते आणि ती घेणाऱ्यालाच द्यावी लागते, हे ती कथा लपवीत नाही.

किंमत न देण्याचे परिणाम काय होतात, हे याच समुद्राने पूर्वी पाहिले होते. मे १९३९ मध्ये 'सेंट लुईस' हे प्रवासी जहाज हॅम्बुर्गहून नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन हवानाला निघाले. क्यूबाने मोजक्या प्रवाशांनाच उतरू दिले. अमेरिकेनेही आश्रय दिला नाही. त्या जहाजाचे गृहबंदर हॅम्बुर्ग होते, आणि तेथे परतणे हीच प्रवाशांची सर्वांत मोठी भीती होती. नाव आणि नाते येथे सर्वस्वी फारकत घेतात. कप्तान गुस्ताव श्रोडर याने त्यांना जर्मनीत परत नेण्याचे टाळले. जूनमध्ये जहाज अँटवर्पला लागले आणि ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. त्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारात बळी पडले. १९३९ ची हवाना आणि २०२० चे मारिएल ही एकाच देशाची बंदरे आहेत. एखाद्या बंदराला स्वभावतःच उदार वा स्वभावतःच निर्दय मानण्यात अर्थ नसतो, एवढे यावरून कळते. दार उघडण्याचा निर्णय प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. त्यामागे एक गाव असते आणि त्या गावाला स्वतःची माणसे असतात. बहामासारख्या छोट्या द्वीपराष्ट्राने आपल्या तोकड्या रुग्णालयांचा विचार आधी केला, तर त्याला दोष कसा द्यावा? आक्षेप दुबळा नाही. साथ नसतानाही गावाची बाजू उरतेच. व्हेनिस हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एके काळी या नगरीची जहाजे तिच्याच गोदीत बांधली जात, आणि समुद्राशी तिचा विवाह लावण्याचा विधी दरवर्षी थाटाने साजरा होई. अलीकडच्या काळात ती इतरांच्या प्रचंड जहाजांचे गृहबंदर बनली आणि घरांच्या छपरांहून उंच भिंती तिच्या कालव्यांतून सरकू लागल्या. २०२१ च्या ऑगस्टपासून इटलीच्या सरकारने २५,००० टनांवरील जहाजांना जुन्या शहरालगतच्या जलमार्गातून येण्यास मनाई केली. २०२२ मध्ये त्या ऐतिहासिक शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या खाली उतरली. याचे सारे खापर जहाजांवर फोडता येणार नाही. परंतु जे गाव सर्वांचे घर होते, त्यात त्याच्या स्वतःच्या माणसांना घर उरेलच असे नाही, ही जाणीव मात्र व्हेनिसने दिली आहे.

तथापि या आक्षेपाने मूळ प्रश्न सुटत नाही; तो अधिक नेमका होतो. बहामाला साथीच्या काळात नकार देण्याचा अधिकार होता असे मानले, तरी एक गोष्ट शिल्लक राहते. नोंदणीचे शुल्क घेताना ते जहाज त्याचे होते. दोष संकटातल्या भीतीत शोधण्यापेक्षा त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या व्यवहारात शोधला पाहिजे. त्या व्यवहारात दोन्ही पक्षांनी एकमेकांना नाव दिले-घेतले आणि नाते मात्र मुद्दाम वगळले. कंपनीला कायद्यांचा काच नको होता, राज्याला जहाजाचा भार नको होता. गावाचे नाव रंगविणाऱ्याने गावाकडून काहीच अपेक्षिले नव्हते. संकटात ती अपेक्षा एकाएकी कोठून उत्पन्न व्हावी?

मग एकाहून अधिक घरे असणे हाच दोष मानायचा काय? तसे म्हटल्यास खलाशाच्या जीवनाचाच अर्थ कळणार नाही. गोमंतकातून समुद्रावर गेलेल्या पिढ्यानपिढ्यांनी मुंबईत, विशेषतः धोबी तलावाच्या परिसरात, आपापल्या गावांच्या नावाने 'कूड' उभे केले. जहाजाची वाट पाहणारा किंवा जहाजावरून उतरलेला गावकरी तेथे अल्प मोबदल्यात राहतो, ट्रंका ठेवतो, सायंकाळी इतरांबरोबर प्रार्थनेला बसतो. परक्या बंदरात गावाचे नाव लावलेली ही एक खोली आहे, आणि ते नाव तिने सार्थ केले आहे. जहाजाच्या पिछाडीवर नाव असते आणि नाते नसते. कुडात एका नावामागे परस्परांची देणीघेणी, आजारपणे, नोकरीच्या खटपटी आणि मरणेही असतात. खलाशाला गाव, कूड आणि जहाज अशी तीन घरे असू शकतात. तिन्ही ठिकाणी त्याचे काही देणे असते, आणि ते तो फेडत असतो. दोष घरांच्या अनेकत्वात नाही. प्रत्येक घराकडून फक्त सवलत उचलावी आणि देण्याची वेळ येताच दुसऱ्या घराकडे बोट दाखवावे, या रीतीत तो आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये या खलाशांनाही दाराबाहेर थांबावे लागले. 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी, ज्यांत गोव्याचे पुष्कळ होते, मुंबईच्या समुद्रात परवानगीची वाट पाहत राहिले. २३ एप्रिलला त्यांना उतरता आले. स्वदेशी परतण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहे. खलाशांना घरी पोहोचविण्याची तरतूद २००६ च्या सागरी कामगार करारात आहे, आणि भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला. तरीही जगभर हजारो कर्मचारी प्रवासी उतरून गेल्यानंतर महिनोन् महिने रिकाम्या जहाजांवर अडकून पडले. ज्यांचे घर कोणते याविषयी तिळमात्र संदेह नव्हता, त्यांनाच घर सर्वांत उशिरा मिळाले. ध्वज, मालक आणि बंदर यांच्यात विभागली गेलेली जबाबदारी अखेरीस अशा रीतीने सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर येऊन बसते.

सागरी कायद्यात एक जुनी कल्पना आहे आणि ती या संदर्भात उद्बोधक वाटते. त्या कायद्यात जहाज स्वतःच प्रतिवादी होऊ शकते. त्याला अटक करता येते. खलाशांचे थकलेले वेतन हा प्रत्यक्ष जहाजावरचा भार मानला जातो; मालक पालटला, ध्वज पालटला, तरी तो भार जहाजाबरोबर जातो. १९९० साली 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून सेवेत आलेले एक जहाज पुढे पाच वेळा नाव पालटून २०१९ मध्ये 'कर्णिका' झाले आणि मुंबई हे त्याचे गृहबंदर ठरले. साथीत त्याच्या सफरी थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचा लिलाव झाला आणि २०२० च्या अखेरीस ते अलंगच्या किनाऱ्यावर तोडणीसाठी चढविण्यात आले. सहा नावांच्या त्या जहाजाला जाब विचारला जाण्याची जागा शेवटी तीच ठरली, जेथे ते नांगरून उभे होते.

गृहबंदराची व्याख्या या दिशेने शोधली पाहिजे. जेथे जहाजाला जाब विचारता येतो आणि जेथून त्याला संकटात परत लोटता येत नाही, ते त्याचे घर. यातले पहिले अंग जहाजाला बांधते, दुसरे बंदराला. दोहोंपैकी एक गळाले, की उरते ती एक सोय. आजच्या बहुतेक पर्यटन-जहाजांच्या बाबतीत ही दोन्ही अंगे एका ठिकाणी नांदत नाहीत, आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम १९५८ पासून कराराच्या एका शब्दात अडकून राहिले आहे. तो शब्द भरला जाईपर्यंत पिछाडीवरचे नाव रंगाचेच राहील, आणि पुढच्या वादळात धक्क्यावरचा दोर कोणी झेलायचा, हा प्रश्न पुन्हा त्या क्षणी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या सदसद्विवेकावर सोपविला जाईल.