आपल्यामागे कोण?



आपल्या शेजारच्या गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत गेले, तेव्हा डच सत्तेने तेथे कॅथोलिक धर्माला बंदी घातली होती. फादर वाझ एकटे किती गावांना पुरणार? त्यांनी तमिळ व सिंहली भाषा शिकून घेतल्या आणि गावोगावी विश्वासू प्रापंचिक माणसे निवडून तयार केली. फादर दुसऱ्या गावी असताना हीच माणसे प्रार्थना चालवीत, मुलांना धर्मशिक्षण देत. १७११ मध्ये फादर देवाघरी गेले. श्रद्धा मात्र टिकली.

संत पौलही तीमथ्याला हेच सांगतात : जे इतरांना शिकवू शकतील, अशांच्या हाती शिकवण सोपव (२ तीम. २:२).

आपल्या तळेऱ्यात आपण काय करतो? वाचनाला तोच आवाज, सणाच्या तयारीला तेच चार हात. तरुणाचे जरा चुकले की आपण काम काढून घेतो आणि वर म्हणतो, ‘मुले पुढे येत नाहीत!’ सेवा ही काही वतनदारी नव्हे. पेत्राने तीनदा नाकारले, तरी प्रभूने आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपवली.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपल्या सेवेत एकाला सोबत घेऊ या. आधी दाखवू, मग करू देऊ, शेवटी बाजूला होऊ. चुकल्यास एकांतात सांगू, चारचौघांत सांभाळून घेऊ.

बाजूला होण्याची नम्रता प्रभू आपणांस देवो. आमेन.