प्रेमासाठी कायदा मोडला तर?

'प्रेमात सगळं माफ' हे मला कधीच पटलेलं नाही. नकार दिलेल्या मुलीचा पाठलाग करणाराही तेच म्हणतो.

पण मग लव्हिंग दांपत्याचं काय करायचं? (हो, आडनाव खरंच लव्हिंग.) रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असं लग्न म्हणजे गुन्हा. म्हणून जून १९५८ मध्ये दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि घरी परतले. पुढच्याच महिन्यात मध्यरात्री पोलीस थेट झोपायच्या खोलीत! शिक्षा एक वर्षाची. २५ वर्षं राज्याबाहेर राहिलात तर तुरुंग टळेल. ते गेले, पण शहरात मन रमेना. शेवटी लपूनछपून व्हर्जिनियातच येऊन राहिले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला.

निकालामुळे ते बरोबर ठरले, असं मी मानत नाही. आदल्या वर्षीही ते बरोबरच होते. मी एवढंच बघते, की कायदा मोडल्याची झळ कुणाला लागली? पाठलाग करणाऱ्याचं 'प्रेम' त्या मुलीला भोगावं लागतं. लव्हिंगनी कुणाचं काहीच हिरावलं नव्हतं.

घरच्यांची अब्रू जाते, ती झळ नाही का, असं कुणी विचारेल. ती मी धरत नाही. व्हर्जिनियाचा १९२४ चा तो कायदाही वंशाची 'शुद्धता' जपायलाच केलेला होता.