निवाऱ्याची मदत आणि श्रमाची अट

धडधाकट माणसाला समाजाच्या पैशातून निवारा द्यावा काय? आणि दिल्यास ‘काम कर, नाही तर घर सोड’ असे त्याला बजावावे काय? हा प्रश्न वरवर पाहता सरकारी कारभाराचा वाटतो, पण मुळात तो न्यायाचा आणि दयेचा आहे. अमेरिकेत गेली सुमारे तीस वर्षे त्यावर वाद चालू आहे. आपल्याकडे जकात देणारे प्रत्येक घर हाच प्रश्न रमजानमध्ये लहान प्रमाणात स्वतःला विचारत असते. म्हणून त्या वादाचे स्वरूप समजून घेऊन इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील वाद

अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने सरकारी मदतीच्या घरांचा पाया घातला. आज या मदतीचे दोन प्रकार विशेष परिचित आहेत. एक, स्थानिक गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची घरे. दुसरा, खासगी घराच्या भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याची योजना. दोन्हींत कुटुंबाने साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाड्यापोटी द्यायची आणि बाकीचा भार सरकारने उचलायचा. मात्र ही मदत प्रत्येक गरजूचा हक्क मानलेली नाही. निधी असेल तेवढ्यांनाच ती मिळते. पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातील एकालाच तिचा लाभ होतो. बाकीची प्रतीक्षायादीत ताटकळत राहतात.

१९९८ च्या कायद्याने सरकारी मालकीच्या घरांतील प्रौढ रहिवाशांवर दरमहा ८ तास समाजसेवा करण्याची किंवा स्वावलंबनाच्या प्रशिक्षणात सहभागी होण्याची अट घातली. ६२ वर्षांवरील वृद्ध, अपंग आणि आधीच नोकरी करणारे यांना तीतून सूट आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रायोगिक योजनेखाली काही शहरांनी याहून कडक नियम केले. अटलांटा शहरात आठवड्याला ३० तास, तर शार्लट शहरात १५ तास कामाची अट आली. २०१८ मध्ये तत्कालीन गृहनिर्माण मंत्री बेन कार्सन यांनी अशा अटी घालण्याची मुभा सर्वत्र देण्याचा प्रस्ताव मांडला. तो कायदा झाला नाही, पण विचार मागे पडलेला नाही.

अटीच्या समर्थकांचे म्हणणे

अटीच्या समर्थकांना निर्दय ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. ते म्हणतात की, घरे मोजकी आणि रांग मोठी आहे. अशा वेळी कमावण्याची ताकद असलेला माणूस हातावर हात ठेवून बसत असेल, तर तो रांगेतील एखाद्या लेकुरवाळ्या आईची जागा अडवून बसला आहे. शिवाय शंभर डॉलर जास्त कमावले की त्यातले तीस भाड्यात जातात, त्यामुळे कष्ट वाढवण्याची उमेद मंदावते. या म्हणण्यात तथ्य आहे.

इस्लामही आळसाला आश्रय देत नाही. हदीसमध्ये आले आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) सदका वाटत असताना दोन माणसे मागायला आली. आपण त्यांना आपादमस्तक न्याहाळले. दोघेही सशक्त होते. तुमची इच्छा असेल तर देतो, पण यात श्रीमंताचा वाटा नाही आणि कमावू शकणाऱ्या सशक्ताचाही नाही, या आशयाचे उत्तर आपण त्यांना दिले. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले गेले, परंतु निर्णय त्यांच्या सदसद्विवेकावर सोपवला गेला. ‘आधी पुरावा आणा’ असे त्यांना म्हटले गेले नाही.

आपल्या धर्मशास्त्रज्ञांनीही या मुद्द्याचा बारकाईने विचार केला आहे. हनफी मतानुसार ज्याच्याकडे निसाबइतकी संपत्ती नाही, त्याला तो धडधाकट असला तरी जकात देता येते. शाफई मतानुसार कमावण्याची क्षमता असणाऱ्याला ती मिळत नाही; तथापि इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की, ज्याला काम देणाराच कोणी सापडत नाही, तो जकातीस पात्र आहे. महाराष्ट्रात कोकणातील बांधव बहुतांशी शाफई आणि देशावरील बहुतांशी हनफी. वाट वेगळी असली तरी दोघेही एका ठिकाणी पोहोचतात : अंगात बळ असणे आणि हाताला काम मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आधी भाकरी, मग कुऱ्हाड, मग काम

या प्रश्नाचे मर्म सांगणारी एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) मागायला आला. घरात काही आहे काय, असे आपण विचारले. काही भाग पांघरायचे आणि काही भाग अंथरायचे असे एक जाडेभरडे कापड आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच त्याच्याकडे होते. आपण त्या वस्तू मागवून स्वतः त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला. आपण अधिक बोलीची विचारणा केली आणि दुसऱ्याने दोन दिरहमना त्या घेतल्या. ते दोन्ही दिरहम त्या गृहस्थाला देऊन आपण सांगितले की, एका दिरहमचे अन्न घेऊन घरी दे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे ये. तो कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा आपण स्वहस्ते तिला दांडा बसवला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवस मला दिसू नकोस, असेही बजावले. तो परतला तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते.

ही हदीस श्रमाचे महत्त्व सांगण्यासाठी नेहमी उद्धृत केली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील क्रम आपण क्वचितच पाहतो. पहिला दिरहम घरच्यांच्या पोटासाठी खर्च झाला. दुसऱ्यातून साधन आले. त्या साधनाला नेत्याने स्वतः दांडा बसवला. यानंतर कामाची अपेक्षा आली आणि तीही मुदत देऊन. ‘आधी पंधरा दिवस लाकडे तोड, मग तुझ्या मुलांच्या अन्नाचे पाहू’ असे झाले नाही. काम हा मदतीचा हेतू होता. काम होईपर्यंत भाकरी रोखून धरलेली नव्हती.

निवारा या क्रमात पहिल्या दिरहमच्या जागी आहे. अंदलुसचे विद्वान इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी गरिबांना अन्न, वस्त्र आणि घर पुरवणे ही त्या प्रदेशातील श्रीमंतांची सक्तीची जबाबदारी मानली. पाऊस, ऊन आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा यांपासून रक्षण करील असे ते घर असावे, असे सांगितले. ज्याला अंघोळीला आडोसा नाही, निजायला ठिकाण नाही, त्याला नोकरी कोण देणार? छप्पर काढून घेऊन काम करायला सांगणे म्हणजे कुऱ्हाड हिसकावून घेऊन लाकडे मागणे होय.

शार्लटचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे नियम लागू करण्याआधी रहिवाशांना मार्गदर्शक कार्यकर्ते मिळाले, अडचणींची विचारपूस झाली. नियम मोडणाऱ्याला एकदम बाहेर न काढता आधी भाड्यातील सवलत कमी केली जाई. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या अभ्यासकांना तेथे काम करणाऱ्यांची संख्या वाढल्याचे आणि घराबाहेर काढले जाण्याचे प्रमाण न वाढल्याचे आढळले. दांडा बसवून दिलेली कुऱ्हाड चालते.

उलट उदाहरण आर्कान्सा राज्याचे आहे. ते घराचे नसून सरकारी आरोग्य विम्याचे आहे, पण अट तीच. २०१८ मध्ये काही महिन्यांतच १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. अभ्यासकांना रोजगारात वाढ दिसली नाही. अनेक जण काम करत होते किंवा सवलतीस पात्र होते. पण दरमहा त्याची नोंद करणे त्यांना जमले नाही, किंवा नियमच कळला नाही. शिक्षा आळसाला व्हायची होती, ती कागदाच्या अज्ञानाला झाली.

एकाचा दोष, घरादाराला शिक्षा

निवाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गंभीर गोष्ट आहे. वेतन एकाचे कापता येते, छप्पर एकाचे काढता येत नाही. १९९८ च्या कायद्यानुसार एका प्रौढ सदस्याने तास भरले नाहीत, तर संपूर्ण कुटुंबाच्या भाडेकराराचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. थोरला मुलगा बेफिकीर, म्हणून आई आणि लहान भावंडे बेघर! कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व पवित्र कुरआनने (६:१६४) घालून दिले आहे. जी शिक्षा निरपराध बालकाला वगळू शकत नाही, ती देण्यापूर्वी शासकाने शंभरदा विचार केला पाहिजे.

जबाबदारी कोणाची?

काम हवे, यात शंका नाही. पण ते मिळवून देण्याचा भार कोणी उचलायचा? महाराष्ट्राने या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात आकाराला आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेत, मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, तरी त्यामागील न्याय स्वच्छ होता. श्रमाची अपेक्षा करायची तर श्रमाची संधी देण्याचे बंधनही स्वीकारले पाहिजे.

अर्थात घेणाऱ्यालाही उत्तर द्यायचे आहे. समाजाने दिलेले छप्पर ही अमानत आहे. ज्याला अल्लाहने बळ आणि संधी दोन्ही दिले आहे, त्याने ती जागा लवकरात लवकर दुसऱ्या गरजूसाठी मोकळी करण्याची धडपड करावी. कार्यालयातील नोंदवहीला फसवता येते. अंतःकरणातील गोष्टी जाणणाऱ्याला फसवता येत नाही.

आणि आपण, जे जकात देतो? दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘हातपाय धड आहेत, काम का करत नाहीस?’ असे विचारणे सोपे आहे. ते विचारण्यापूर्वी त्याच्या घरी आज चूल पेटली आहे का, हे पाहावे. मग त्याच्या हातात कुऱ्हाड आहे का, हे पाहावे. आणि नसेल, तर तिला दांडा बसवायला आपण स्वतः बसावे. प्रेषितांची (स.) सुन्नत एवढ्या टप्प्यांनी पूर्ण होते, आपण त्यातले केवळ शेवटचे वाक्य उचलू नये. अल्लाह आपल्याला योग्य न्याय करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.