वाईट बातमीचे ओझे

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. कोल्हापूरजवळ त्याची लहानशी फौंड्री आहे. पंपांची कास्टिंग ओतून तो जर्मनीला पाठवतो. पुढ्यातला चहा तसाच निवत ठेवून तो म्हणाला, "सर, माल बोटीवर चढला आणि मागाहून कळलं, काही नगांत पोकळ्या राहिल्यात. तिकडं कळवू का गप बसू? तपासणीत सापडतील, नाही तर नाही."

"खरे तेच कळव," मी म्हणालो. मास्तराने दुसरे काय सांगायचे?

"कळवतो. पण त्यांनी ऑर्डरच काढून घेतली, तर माझ्या माणसांचा पगार कोण देणार?"

मी गप्प झालो. मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माणसाने परदेशी व्यापारावर बोलू नये, हे मला कळते. पण वर्गात वीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की ठाऊक झाली आहे. 'गणिते केली नाहीत' हे मूल सांगते की लपवते, ते मुलाच्या स्वभावाइतकेच मास्तराच्या कपाळावरच्या आठीवर अवलंबून असते.

१९९७ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये कारिया येथे आयसिन सेइकी या कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधली एक छोटी झडप जवळजवळ सगळी तिथेच होत असे, आणि टोयोटाकडे साठा होता अगदी थोडा. मोटारींचे कारखाने थांबले. तेव्हा साठाहून अधिक कारखानदारांनी ती झडप करायला घेतली. त्यांत शिलाईयंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीही होती. आयसिनने आपले नकाशे सर्वांना खुले केले. भावाची घासाघीस कुणी आधी केली नाही. थोड्याच दिवसांत मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. आपले नुकसान होऊ दिले जाणार नाही, हा भरवसा वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून आलेला होता. करारात तो लिहून मिळत नाही.

कुणी म्हणेल, ती एका मुलखातली, एका भाषेची माणसे. मध्ये समुद्र असला म्हणजे काय? त्याचे उत्तर ढाक्याजवळच्या सावर गावी आहे. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवर परदेशी कंपन्यांचे कपडे शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. तडा सर्वांना दिसला होता. पण 'माल उशिरा येईल' ही साधी बातमी ग्राहकाला कळवण्याची किंमत कारखानदाराला तड्यापेक्षा मोठी वाटली असावी. म्हणून त्याचा दोष कमी होत नाही. पण कमी भाव आणि कडक मुदत ठरवणारे हात समुद्रापलीकडचे होते, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात परदेशी ग्राहक आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. इमारतींची तपासणी स्वतंत्र माणसांनी करावी, अहवाल उघड व्हावेत, धोका दिसल्यास कामगाराला काम नाकारता यावे, आणि दुरुस्तीचा खर्च झेपेल अशा अटींवर व्यवहार व्हावा, असे त्यात होते. मला त्यातले हे शेवटचे कलम मोलाचे वाटते. प्रामाणिकपणाला खर्च येतो, आणि तो एकट्या दुबळ्याने सोसायचा नाही, एवढे तरी त्यात मान्य झाले.

आपण खरेपणा हा बोलणाऱ्याचा गुण मानतो. मला आता वाटते, त्यातला अर्धा वाटा ऐकणाऱ्याचा असतो; आणि ज्याच्या हाती ऑर्डर, त्याचा वाटा मोठा.

माझ्या विद्यार्थ्याने त्याच रात्री कळवले. बदली नग त्याला पदरच्या पैशाने विमानाने पाठवावे लागले. ऑर्डर टिकली. जर्मनीहून एक माणूस येऊन दोन दिवस भट्टीजवळ उभा राहिला आणि दोष कशाने येतो ते शोधून गेला. भाव मात्र एक पैशाने वाढला नाही.

"बरं झालं, सर, सांगितलं ते," तो परवा म्हणाला. मी मान हलवली. पण पगार कोण देणार, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अजून दिलेले नाही. उपदेश करताना माझ्या खिशातून काहीच जात नव्हते.