घर भाड्याचे, रोजी अल्लाहची



धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या आपल्या गावांत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी कितीतरी कुटुंबे त्याच दोन खोल्यांत उपजीविकेचे साधनही शोधतात. कोणी शिलाई मशीन चालवते, कोणी डबे करून देते, कोणी मुलांच्या शिकवण्या घेते, कोणी रमजानच्या तोंडावर शेवया वळते. कुठे घरचा कर्ता पुरुष हयात नसतो, कुठे तो ऊसतोडीसाठी दूर गेलेला असतो. अशा वेळी घरमालक म्हणतो, "घर राहायला दिले आहे, धंद्याला नाही. मशीन बंद करा, नाहीतर खोली सोडा." घर त्याचे आहे हे खरेच. पण मालकीचा हा हक्क कुठवर जातो, हे आपल्या शरीअतने फार पूर्वी स्पष्ट केले आहे.

भाडेकराराला फिक्हमध्ये 'इजारा' म्हणतात. हनफी मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या 'कुदूरी' आणि 'हिदाया' या ग्रंथांत हा मसला नेमका आला आहे. घर राहण्यासाठी घेतले आणि आत काय करणार हे सांगितले नाही, तरी करार वैध ठरतो व भाडेकरू तेथे आपली कामे करू शकतो. अपवाद तीन व्यवसायांचा आहे : लोहार, कपडे आपटून धुणारा आणि दळण दळणारा. कारणही तेथेच दिले आहे. या कामांनी इमारत खिळखिळी होते. मालकाने मान्यता दिली, तर मात्र हीही कामे करता येतात.

हा नियम आजच्या आपल्या गल्लीला लावून पाहा. वेल्डिंगचे दुकान, पिठाची गिरणी किंवा मोठी लाँड्री मालकाला न विचारता घरात थाटता येणार नाही. पण सुई-दोरा, पाटी-पुस्तक आणि चार डब्यांची पोळी-भाजी यांनी कोणती भिंत हलते? फुकहांनी रोखले ते नुकसानाला, कष्टाला नव्हे. स्वतः नुकसान सोसू नये आणि दुसऱ्याचेही करू नये, या आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण या साऱ्याच्या मुळाशी आहे.

हाताच्या कष्टाची प्रतिष्ठा आपल्या दीनमध्ये किती आहे! उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिंत जहश (रजि.) चामडे कमावण्याचे व शिवण्याचे काम स्वतःच्या हाताने करीत आणि त्यातून आलेले गरिबांवर खर्च करीत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हस्तकौशल्याच्या कमाईतून पती व मुलांचा खर्च भागवीत. जी विधवा हात पसरण्याऐवजी मशीन चालवते, ती याच वाटेने जात आहे. तिची वाट आपण अडवायची का? बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत तर शेजाऱ्याने आपल्या भिंतीत लाकूड ठोकायला मागितले तरी त्याला नाकारू नये, अशी ताकीद आहे. भाडे न देणाऱ्या शेजाऱ्याविषयी ही उदारता, मग दरमहा भाडे मोजणाऱ्याविषयी किती असावी?

आता दुसरी बाजूही न्यायाने पाहू. प्रत्येक घरमालक धनवान नसतो. कित्येकांची म्हातारपणाची भाकरी त्या एका खोलीच्या भाड्यावरच असते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी डब्यांच्या भांड्यांना लागणारे जास्तीचे पाणी कोणाच्या वाट्याचे, हा रास्त प्रश्न आहे. घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायाला वापरणे नियमाबाहेरचे आणि दाटीच्या वस्तीत धोक्याचेही आहे. मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते आणि मीटर बहुधा मालकाच्या नावावर असतो. म्हणून भाडेकरूने काम सुरू करण्यापूर्वी मालकाला सांगावे, वाढीव पाणी-विजेचा खर्च स्वतः उचलावा, शेजाऱ्यांची झोप व येण्याजाण्याची वाट जपावी. भाड्याचे घर ही अमानत आहे. चोरून केलेल्या कामात, ते हलाल असले तरी, बरकत कशी यावी?

मालकाने कराराच्या वेळीच 'केवळ निवास' अशी अट घातली आणि भाडेकरूने ती मान्य केली, तर ती पाळणे त्याच्यावर बंधनकारक आहे. करार पूर्ण करण्याची आज्ञा कुरआनने सूरह माइदाच्या आरंभीच दिली आहे. पण मालकाने मनाला विचारावे : या अटीने माझे कोणते नुकसान टळते? उत्तर 'कोणतेच नाही' असे आले, तर ती अट कोणाचा तरी घास तेवढा अडवते. आणि डबे चांगले चालले म्हणून मुदतीच्या मध्येच भाडे वाढवणे तर सरळ करारभंग होय. इजाऱ्यात मोबदला आधीच ठरलेला असावा लागतो. तिच्या कष्टाच्या बरकतीत मालकाचा वाटा नाही.

बहुतेक भांडणे तोंडी व्यवहारातून जन्मतात. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची शिकवण आहे. धाराशिवसारख्या शहरांना लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हाही कलम ५५ मध्ये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतो. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'धंदा सुरू झाला की खोली हातची गेली' या भीतीवर मनाईपेक्षा लेखी करार हाच खरा उपाय आहे. कोणते काम, किती वेळ, पाणी-विजेचा खर्च कोणाचा, मुदत किती, या चार ओळी लिहा. मालक किंवा भाडेकरू कोणत्याही धर्माचा असो, मुसलमानाचा शब्द सर्वांशी सारखाच असावा.

खरेदी-विक्रीत व मागणी करताना नरमाईने वागणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. ज्याच्याजवळ दोन खोल्या अधिक आहेत, त्याला ही दुआ मिळवण्याची संधी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येते. त्या छपराखाली अनाथांचे पोट भरत असेल, तर भाड्याच्या पावतीवर न दिसणारे पुण्य त्याच्या खात्यात जमा होत राहील, इन्शाअल्लाह.

हे अल्लाह! आमच्या घरमालकांना विशाल अंतःकरण दे, भाडेकरूंना प्रामाणिकपणा दे आणि आमच्या वस्त्यांतील प्रत्येक कष्टाळू हाताला हलाल रोजी दे. आमीन.