आपल्या माणसांबद्दलचं खरं

धर्मसंस्थेच्या पैशावर लिहिणाऱ्याने इमान कोणाशी राखावं, संस्थेशी की वाचकाशी? मी पंचवटीत राहतो आणि न्यासांची वार्तापत्रं, वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रांना पाठवायच्या बातम्या लिहून देतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाही आहे.

मला माहीत असलेलं याचं सर्वांत कडक उत्तर ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं आहे. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने घ्यायचा, म्हणून १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुण वेगळे झाले. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत शहराच्या सत्ताधाऱ्यांनी लिमात नदीत बुडवून मारलं. त्याच वर्षी श्लाइटहाइम इथे या पंथाने सात कलमं मान्य केली. त्यांत तलवार वर्ज्य होती, तशीच शपथही. शपथेवर बोललेलं तेवढं खरं मानलं, की एरवीच्या बोलण्याला आपोआप सूट मिळते. सत्याच्या अशा दोन प्रती नकोत, असा मी त्या कलमाचा अर्थ लावतो.

मेनोनाइट हे त्यांचेच वारस. १८९९ च्या दुष्काळात त्यांचे मिशनरी धमतरीला आले, तेव्हा तो मुलूख नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांतात होता. उत्तर अमेरिकेत या पंथाच्या संपादकांची, छायाचित्रकारांची, जनसंपर्क सांभाळणाऱ्यांची व्यावसायिक संघटनाही निघाली. शपथ नाकारणाऱ्यांच्या घरी प्रसिद्धिपत्रक लिहिणं सोपं नसणार.

ते किती अवघड, हे जॉन हॉवर्ड योडर यांच्या प्रकरणात दिसलं. अहिंसेवर लिहिणारे हे जगभर वाचले गेलेले मेनोनाइट विचारवंत. त्यांनी अनेक स्त्रियांचा लैंगिक छळ केला होता. १९८४ साली सेमिनरीने त्यांना दूर केलं, पण कारण उघड केलं नाही. सर्वसामान्य वाचकाला ते कळलं १९९२ साली, एल्कहार्ट शहरातल्या दैनिकाच्या लेखमालेतून. त्या दैनिकाच्या नावातच ‘ट्रुथ’ हा शब्द आहे. सेमिनरीने जाहीर माफी मागितली ती २०१५ साली. तोवर योडर यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. समाज लहान असला, आधीच संशयाने पाहिला जात असला, तर त्याची उणीदुणी चव्हाट्यावर आणणं म्हणजे शत्रूच्या हाती काठी देणं नव्हे का? ही भीती खरी आहे. पण गप्प राहिल्याने नेमकं कोण वाचतं, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. पीडित बाईचं नाव झाकणं हे राखण आहे आणि तिला छळणाऱ्याचं नाव झाकणं हीसुद्धा राखणच, फक्त पदाची. दोन्हींना ‘गोपनीयता’ हा एकच शब्द वापरला, की दुसरी पहिलीच्या पदराआड लपते.

पंचवटीतलंच उदाहरण घेतो. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. यात्रेकरूंसाठी माहितीपुस्तिका लिहायची झाली, तर त्यात हे यावं का? “कशाला जुनं उकरता?” असं मला एका विश्वस्तांनी अशाच एका मजकुराबद्दल विचारलं होतं. माझं उत्तर साधं आहे. पुस्तिका हातात घेणारा यात्रेकरू त्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांचा पणतूही असू शकतो. ती ओळ गाळली, तर तो आपला वाचकच नाही, असं मी ठरवल्यासारखं होतं.

मग संस्थेशी निष्ठा ठेवायचीच नाही का? ठेवायची. पण निष्ठा म्हणजे स्तुती नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’चे संपादक होते. भारतीय ख्रिस्ती समाजाने मिशनऱ्यांच्या पंखाखालून बाहेर यावं, असं ते म्हणत राहिले आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून मोकळे झाले. तरी ख्रिस्तावरची त्यांची भक्ती तसूभरही उणी झाली नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म इथल्याच जलालपूरचा. ‘स्मृतिचित्रे’त त्या टिळकांचा तऱ्हेवाईकपणा, संताप, विसरभोळेपणा काहीच झाकत नाहीत आणि स्वतःलाही सोडत नाहीत. पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात टिळक लहान होतात का? उलट ते जवळचे वाटू लागतात. लक्ष्मीबाईंनी फक्त गुण सांगितले असते, तर त्यांच्या प्रेमावरही कोणी इतका विश्वास ठेवला नसता.

टिळकांसारखी नोकरी सोडणं प्रत्येकाला परवडत नाही. मलाही नाही. सिंहस्थ जवळ येतोय, पत्रकांची कामं वाढतील. प्रत्येक वेळी सगळंच लिहिता येईल, असा माझा दावा नाही. मजकुराला जागेची आणि प्रसंगाची मर्यादा असते. पण काय गाळलं यापेक्षा कोणासाठी गाळलं, हा हिशेब मात्र लिहिणाऱ्याचाच असतो. तो विश्वस्तांच्या सहीने मिटत नाही.